भोरडीच्या चौकातला शरभ

शिर्डीला जाऊन आलात का, असं परतल्यापासून जो तो विचारतो आहे. जाऊन आलो, दर्शन छान झालं, लाडूही घरोघर वाटून झाले. पण सांगावंसं वाटतं ते शिर्डीतलं नाही, आणि ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही दोघीच निघालो होतो, मी आणि माझ्या वन्सं. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र ठणठणीत. गाडी मी चालवते आणि वन्सं शेजारी बसून ब्रेक मारतात. त्यांना शिर्डी करायची होती. मला बघायचा होता भोरडीचा शरभ. भाच्यानं फोनवर फोटो दाखवला, तेव्हापासून तो माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. शेवटी तह असा ठरला की आधी माझा शरभ, मग त्यांचे साईबाबा. "देवाच्या आधी जनावर, हे तुलाच सुचायचं," असं वन्संनी दापोलीपासून पुण्यापर्यंत ऐकवलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. शरभ हे जनावर पृथ्वीवर कधी जन्मलं नाही. तोंड सिंहाचं, पंख पक्ष्याचे, पंजाखाली हत्ती दाबलेला. हिरण्यकश्यपूला फाडल्यावर नरसिंहाचा राग आवरेना, तेव्हा त्याला शांत करायला शंकरानं हे रूप घेतलं, अशी कथा आहे. आपल्या जुन्या किल्ल्यांच्या दरवाजांवर तो हमखास कोरलेला असतो आणि आपण त्याला वाघ समजून खालून निघून जातो. मीही जन्मभर तेच केलं.

नगर ते भोरडी

नगर सोडून पाथर्डीच्या अंगाला लागलं की डोंगर सोबतीला येतात. आमच्याकडच्यासारखे झाडीनं गच्च नव्हेत, उघडेबोडके, पण दसरा नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे त्यांच्यावर पिवळं गवत होतं आणि वारा सुटला की अख्खा डोंगर अंग हलवल्यासारखा दिसायचा. खाली कापूस फुटलेला, तुरी फुलांवर आलेल्या. मी हरखून बघत होते. वन्सं मात्र नारळाचं एक झाड दिसतंय का ते शोधत होत्या. ते न दिसल्यानं ही माणसं आमटीत काय घालत असतील, या काळजीत त्या होत्या.

एका टपरीवर थांबून आम्ही हुलग्याचे शेंगोळे खाल्ले. पिठाचे बोटभर लांबीचे वळलेले तुकडे, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेले, सोबत बाजरीची भाकरी. पहिल्या घासाला वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या घासाला त्यांनी नाक पुसलं. वाटी संपल्यावर त्यांनी आणखी मागितले आणि मग नारळाचा विषय परत काढला नाही.

भोरडी जवळ आली तसा शरभ आधीच भेटायला लागला. गावच्या कमानीवर शरभ, नगरपंचायतीच्या पाण्याच्या टँकरवर शरभ, शाळेच्या पोरांच्या खिशावर शरभ. शरभ रसवंती होती, शरभ मोबाईल शॉपी होती. शरभ केश कर्तनालयाच्या पाटीवरच्या शरभाची तर आयाळ भांग पाडून नीट विंचरलेली होती. मला हसू आवरेना. एवढ्याशा गावानं एका काल्पनिक जनावराला किती कौतुकानं अंगाखांद्यावर वागवलंय, असंही वाटलं. आमच्या गावाला खूण काय, तर एसटी स्टँडावरचं बंद पडलेलं घड्याळ.

आणि नेमकं त्याच वेळी गाडीचा क्लच गेला. चौकाच्या अलीकडे, चढावर. वन्संनी त्यांच्या बाजूचा ब्रेक मारून पाहिला, उपयोग झाला नाही. चार माणसांनी ढकलत गाडी चौकातल्या गॅरेजपुढे नेऊन लावली. गॅरेजवाले अंकुशभाऊ म्हणाले, क्लचप्लेट नगरहून मागवावी लागेल, उद्या सकाळशिवाय काही होत नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आता आलाच हायेत, तर शरभ बघून घ्या."

चौकात

फोटोत काहीच कळत नाही, हे आधी सांगते. काळ्या पाषाणातला तो शरभ चौथऱ्यावर दबा धरून बसला आहे, पण मान त्यानं खाली घेतली आहे. म्हणजे आपण पुढं उभे राहिलो की तो आकाशाकडं किंवा रस्त्याकडं बघत नाही, आपल्याकडं बघतो. पंख अंगाशी मिटलेले, त्यांतलं पीस न् पीस वेगळं. पंजाखालचा हत्तीसुद्धा मला चिरडलेला वाटला नाही, निजवलेला वाटला. आणि चेहरा. डोळे वटारलेले, नाकपुड्या फुगलेल्या, सुळे बाहेर, सगळं भीती घालायचं सामान जागच्या जागी. पण ओठाच्या उजव्या कोपऱ्याला एक बारीकशी मुरड होती. तो हसत होता. रागावलेल्या पोराची समजूत घालताना बाप हसतो, तसा.

मी बराच वेळ तिथून हललेच नाही. बाजूला माणसांची नुसती जत्रा होती. मोहट्याच्या देवीला निघालेली कुटुंबं गाड्या थांबवून उतरत होती, पोरांना कडेवर घेऊन शरभाबरोबर फोटो काढत होती, प्लॅस्टरचे छोटे शरभ विकत घेत होती. चौथऱ्याभोवती लोखंडी कठडा होता, त्याला कुलूप, आणि पाटी लावलेली होती: मूर्तीस हात लावू नये, शेंदूर लावू नये. शेंदूर कशाला लावेल कुणी, असं माझ्या मनात आलं. वन्संनी मात्र पाटी वाचून नाक मुरडलं आणि कठड्याबाहेरूनच हात जोडले.

राहायचं कुठं हा प्रश्न अंकुशभाऊंनीच सोडवला. गॅरेजच्या मागं सुरेखाताईंचं घर आहे, म्हणाले, शरभ त्यांनीच घडवलाय, आल्या-गेल्याला त्या ठेवून घेतात. हे ऐकल्यावर क्लच गेल्याचा मला आनंदच झाला.

सुरेखाताईंची ओसरी

सुरेखाताई पन्नाशीच्या, सडसडीत, मनगटं मात्र पैलवानासारखी. घरात पिढ्यान् पिढ्या पाटे-वरवंटे आणि जाती घडवायचं काम. वडिलांनंतर जात्यांना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा सुरेखाताई देवळांसाठी मूर्ती करायला लागल्या. आम्हाला त्यांनी हातपाय धुवायला पाणी दिलं ते अर्धा तांब्या. आम्ही विहिरीकाठची माणसं, आम्हाला ते आधी चमत्कारिक वाटलं. मग दाराशी ओळीनं भरून ठेवलेले ड्रम दिसले आणि मी तो अर्धा तांब्या फार जपून वापरला.

ओसरीच त्यांची कामाची जागा होती. तिथं भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, एक भलतीच वस्तू टांगलेली होती. केशरी, जाड, सुपाएवढी, कडा मोडलेल्या. मला ते वाळलेलं चामडं वाटलं. सुरेखाताईंनी ती खाली काढली आणि उलटी करून माझ्या हातात दिली. आतून तो चेहरा होता. खोलगट, उलटा, पण तोच. ओठाच्या मुरडीसकट.

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. भोरडीला जुनी वेस होती. तिच्या डाव्या खांबात छातीएवढ्या उंचीवर मूळचा शरभ कोरलेला. इकडची निम्मी माणसं दसरा झाला की ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. जाताना प्रत्येकानं शरभोबाच्या तोंडाला तळहातानं शेंदूर लावायचा, परत आल्यावर पुन्हा लावायचा, हा रिवाज. किती पिढ्या लावत आले कुणास ठाऊक. शेंदराचा थर इतका चढला की नाक-डोळे बुजून नुसता गोळा राहिला. आत काय आहे हे सुरेखाताईंच्या वडिलांनीही कधी पाहिलं नव्हतं. मग एका पावसाळ्यात वेस ढासळली. दगड खाली आला, फुटला. भंगलेला देव पूजेत ठेवत नाहीत, म्हणून गावानं वाजतगाजत नेऊन तुकडे तळ्यात सोडले. पण पडताना शेंदराचं हे कवच अखंड सुटून बाजूला गेलं होतं. ते कुणाला नको होतं. सुरेखाताईंनी ते पोत्यात गुंडाळून घरी आणलं, आतून ओली माती दाबली, हलक्या हातानं काढली आणि घाबरून मागंच सरकल्या.

"तो हसत होता, ताई," त्या म्हणाल्या. "आमच्या आज्या-पणज्यांना ठाऊक नव्हतं, आपला देव हसतोय म्हणून."

पुढं नगरपंचायतीनं चौकात नवा शरभ बसवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी दोन वर्षं दुसरं काम घेतलं नाही. बोलताना त्यांनी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं, की आता हा चेहरा झाकला जाऊ नये. कठडा त्यांच्याच अटीवरून आला होता. कुलपाची चावीही त्यांच्याकडेच होती. त्यांच्या हो म्हणण्याशिवाय मूर्तीला हात लागायचा नाही, असं ठरलेलं. मला हे अगदी पटलं आणि मी तसं म्हटलंही.

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात ठकूबाई आल्या. काठी टेकत आलेली, हिरव्या लुगड्यातली, वाळक्या अंगाची म्हातारी. जन्मभर ऊस तोडलेल्या. सुरेखाताई त्यांना मावशी म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या टोळ्या ट्रॅक्टरनं कर्नाटकाकडच्या कारखान्यावर निघणार होत्या. नवरा-बायकोच्या जोडीला इकडं एक कोयता म्हणतात. ठकूबाईंचा मुलगा आणि सून, असा त्यांच्या घरचा एक कोयता होता. गुडघे गेल्यामुळे ठकूबाई ह्या वर्षी पहिल्यांदाच मागं राहणार होत्या. आल्या होत्या त्या चावी मागायला.

सुरेखाताईंनी नको म्हटलं. गोड शब्दांत, पण नको. मूर्तीच्या पायाशी शेंदराची ताटली ठेवा, नारळ फोडा, काय हवं ते करा, पण तोंडाला नको. वेस पडल्यापासून दोन-तीन वर्षं सगळे तसेच जाऊन सुखरूप आलेच ना, असंही त्यांनी विचारलं.

"आले ना. पर जीव टांगनीला लावून आले," ठकूबाई म्हणाल्या. "तवा मी संगं हुते. आता मी न्हाई. मंगल पोटुशी हाय, पोरी. सहावा चाललाय. फडात तिच्याजवळ बाईमानूस कोन ऱ्हानार? तिनं त्याला हात लावून जावं, एवढंच म्हनते मी."

मग वन्संनी तोंड उघडलं. आमच्याकडं गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी पाण्यात होडी लोटत नाही, म्हणाल्या, आणि देवाला हात लावायला कुलूप कसलं? मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. मला सुरेखाताईंचीच बाजू खरी वाटत होती. देव काय, पायाशी ठेवलेला शेंदूरही पावतो. असा चेहरा पुन्हा व्हायचा नाही. मी तसं म्हटलं, आणि ठकूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, रागानं नव्हे, परक्या माणसाकडं बघावं तसं. मला ते लागलं.

ठकूबाईंची नजर मग माझ्या मांडीवरच्या कवचाकडं गेली. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. सुरेखाताईंनी सांगितल्यावर त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि ते दोन्ही हातांनी घेतलं. मोडलेल्या कडेवर शेंदराचे थर दिसत होते, एक फिका, एक गडद, कागदाच्या घड्यांसारखे एकावर एक. त्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. आपल्या आईचा हातही ह्यात कुठंतरी असंल, असं त्या पुटपुटल्या. आणि मग अगदी सहज विचारलं, की वेशीवरचे पंख तर लहानपणीच पार झिजून गेलेले आठवतात, मग तोंड तेवढं कसं राहिलं?

सुरेखाताई उत्साहानं सांगायला लागल्या. पंखांना शेंदूर लावत नव्हते ना, म्हणून ते ऊन-पावसात उघडे पडले आणि झिजले. पंख त्यांना दुसरीकडचे किल्ले हिंडून बघून घ्यावे लागले होते. तोंड मात्र शेंदराखाली होतं, त्याला वारा लागला नाही की पाणी लागलं नाही, म्हणून ते जसंच्या तसं... इथं त्या थांबल्या.

"मंजी त्यो आमीच राखला म्हनायचा," ठकूबाई म्हणाल्या.

त्यात खोच नव्हती. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. कवच त्यांनी कपाळाला लावून परत दिलं, राहिलेला चहा प्यायल्या आणि काठी टेकत निघून गेल्या. चावीचं पुन्हा काढलं नाही. सुरेखाताईंनी आम्हाला पोटभर जेवू घातलं, ठेच्याबरोबर तेल घ्यायची आठवण करून दिली, पण त्यांचं लक्ष जेवणात नव्हतं. स्वतः त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला.

दुसरा दिवस

सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजानं जाग आली. चौकात ट्रॉल्यांची रांग लागली होती. त्यांत काय नव्हतं? पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, चुली, बांबू, दोरीनं बांधलेली शेळी, कोंबड्यांची डालगी आणि ह्या सगळ्याच्या वर बसलेली पोरं. आम्ही चार दिवसांच्या प्रवासाला दोन बॅगा कमी पडल्या म्हणून भांडलो होतो. ह्यांचं सहा महिन्यांचं घर एका ट्रॉलीत मावलं होतं आणि वर शेळीला जागा उरली होती.

सुरेखाताई आमच्या आधीच चौकात होत्या. माणसं कठड्याबाहेर नारळ घेऊन उभी होती. कुणी काही मागत नव्हतं. सुरेखाताईंनी कुलूप उघडलं. मग खिशातून पकड काढून पाटीची तार तोडली, पाटी उलटी करून चौथऱ्याला टेकवली, आणि बाजूला होऊन हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

पहिली मंगल गेली. विशीबाविशीची असेल. पोट सांभाळत ती डाव्या बाजूच्या पायऱ्या चढली. ठकूबाईंनी धरलेल्या ताटलीत तिनं अख्खा तळहात बुडवला आणि शरभाच्या तोंडावर ठेवला. काही पुटपुटली नाही, डोळे मिटले नाहीत. त्या खाली घेतलेल्या मानेमुळे तो आणि ती अगदी समोरासमोर आले होते. तिनं हात काढला तेव्हा नाकपुड्यांवर तिची पाची बोटं उमटली होती. तिच्यामागून एकेक जण चढत गेला. बाया, गडी, कडेवरची पोरंसुद्धा, त्यांचे इवलेसे हात आया धरून टेकवत होत्या. डोळे गेले. सुळे गेले. प्रत्येक हाताला सुरेखाताईंची मान किंचित आखडत होती. दोन वर्षांचं काम डोळ्यांदेखत बुजताना बघणं सोपं नसतं. मला तिथं उभं राहवत नव्हतं आणि जाववतही नव्हतं. वन्सं पदर तोंडाला लावून रडत होत्या.

ट्रॅक्टर सुरू झाले. ठकूबाई मंगलच्या ट्रॉलीला धरून थोडं अंतर चालत गेल्या, मग काठी टेकून थांबल्या. धूळ खाली बसेपर्यंत चौकात कुणी हललं नाही.

शरभाचं तोंड केशरी झालं होतं. फक्त उजवा कोपरा राहिला होता. सगळे डाव्या पायऱ्यांनी चढले, म्हणून तिथवर हात पोचले नव्हते. नेमकी ती मुरड, ते हसू, शेंदरातून काळं स्वच्छ दिसत होतं. मला फार बरं वाटलं. मी सुरेखाताईंना म्हटलं, देवानंच राखलं बघा, निदान एवढं तरी लोकांना दिसेल.

ठकूबाईंनी पायरीवर ठेवून दिलेली ताटली सुरेखाताईंनी उचलली. उजव्या अंगानं पायऱ्या नव्हत्या, तिकडून त्या चौथऱ्याच्या कडेला पाय देऊन चढल्या. तळाशी उरलेला शेंदूर त्यांनी अंगठ्यावर घेतला आणि त्या मुरडीत भरायला लागल्या. घाई नाही, ठिपके नाहीत. जिथं छिन्नी फिरवली असेल तिथूनच अंगठा फिरत होता, रेषेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. हसू दिसेनासं झालं.

मी खाली उभी होते. माझा चेहरा बघून त्यांनीच सांगितलं.

"कोपरा उघडा ठेवून चालत न्हाई, ताई. पाणी तिथनंच आत शिरतं."